तलवार परत येते का?

माझ्याकडे सात तलवारी आहेत आणि त्यातल्या एकीनेही कांदा चिरता येत नाही. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या तीन आहेत: आरागॉर्नची, फ्रोडोची आणि उरुक-हाय नावाच्या त्या दांडग्या राक्षसांची. एक कोननची, एक बाहुबलीची, एक ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मधली. सातवी लाकडाची आहे आणि ती या सगळ्यांत जुनी. घरी येणारा प्रत्येक माणूस भिंतीकडे बघतो आणि एकच प्रश्न विचारतो, “खरी हाय काय रं?”

‘खरी’ म्हणजे काय? धार असलेली? शूटिंगमध्ये वापरलेली? की लोखंडाची आहे म्हणून खरी? या प्रश्नाला उत्तर देऊन देऊन मी कंटाळलो आणि माझ्यापुरता प्रश्नच बदलून घेतला. ही वस्तू हातात घेऊन एखादा माणूस दिवसभर लढू शकला असता का? आता असलं मोजमाप करायला कोल्हापूरइतकं सोयीचं गाव दुसरं नाही. इथे सिनेमाच्या तलवारी बनल्या, इथे ओतकाम करणारे कारखाने आहेत आणि इथेच मर्दानी खेळाचे वस्ताद अजून पोरांना पट्टा फिरवायला शिकवतात. तिन्ही ठिकाणं दुचाकीवर अर्ध्या तासात.

सुरुवात लाकडी तलवारीपासून करतो. ती आजोबांची. आजोबा शिवाजी पेठेतले. भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत ऐतिहासिक सिनेमे व्हायचे तेव्हा पेठेतली बरीच मंडळी गर्दीच्या सीनमध्ये मावळे म्हणून उभी राहायची. ‘मोहित्यांची मंजुळा’ १९६३चा, ‘मराठा तितुका मेळवावा’ १९६४चा. आजोबा नेमके कुठल्या सिनेमात कुठल्या कोपऱ्यात होते, ते घरात कुणालाच दाखवता आलेलं नाही. पण तलवार आहे. सागवान नाही, साधं हलकं लाकूड. वरून चंदेरी रंग, तो आता निम्मा उडालाय. मुठीला सुतळी गुंडाळून वर काळा रंग दिलाय.

आजोबा सांगायचे, पुढच्या रांगेतल्यांना पत्र्याच्या तलवारी मिळायच्या, मागच्यांना लाकडाच्या. कॅमेऱ्याला जे दिसत नाही त्यावर खर्च कशाला? पण त्यांचं पुढचं वाक्य मला जास्त आवडायचं. “पत्र्याच्यापेक्षा लाकडाची बरी. चुकून कुणाला लागली तर टेंगूळ यायचं, टाके न्हाई पडायचे.”

हीच विभागणी मला पुढे न्यूझीलंडमध्ये सापडली. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची शस्त्रं वेलिंग्टनच्या वेटा वर्कशॉपमध्ये बनली. जवळून दिसणाऱ्या पोलादी तलवारी पीटर लायन नावाच्या कारागिरानं घडवल्या. मारामारीच्या सीनसाठी त्याच तलवारींच्या ॲल्युमिनियमच्या हलक्या प्रती होत्या आणि पडझड, घोडे, गर्दी यांच्यासाठी रबरासारख्या युरेथेनच्या. म्हणजे आजोबांची पुढची रांग आणि मागची रांगच, फक्त बजेट वेगळं. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’ काढला १९२३ साली. तेव्हापासून या गावाला ठाऊक आहे की पडद्यावरची तलवार आधी डोळ्यासाठी बनते, मग हातासाठी.

मला मात्र हात बघायचा होता. म्हणून मी तीन गोष्टी तपासायला लागलो: वजन, तोल आणि मुठीच्या आत काय आहे.

वजनापासून घेऊ. तुम्ही हे मोबाईलवर वाचत असाल तर एक काम करा. पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली घ्या, हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करा आणि दोन मिनिटं तशीच धरा. पहिली वीस सेकंद काही वाटत नाही. मग खांदा बोलायला लागतो. एक मिनिटाच्या आसपास बाटली खाली यायला लागते. ही बाटली साधारण एक किलोची. मध्ययुगीन युरोपातली एका हाताची तलवार बहुतेक वेळा एक ते सव्वा किलोची असायची. दोन हातांनी धरायची लांब तलवारसुद्धा साधारण दीड किलोच्या आगेमागे. आपल्याकडची वाकडी तलवारही याच हिशेबातली, पुष्कळदा किलोच्या आतबाहेर. एवढ्याशा वजनानं तुमचा हात दोन मिनिटांत थरथरतो आणि लढाई दोन मिनिटांत संपत नसे.

आता कोनन. १९८२च्या सिनेमात अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या हातात आहे ती तलवार. माझ्याकडची फायबरची आहे, पण मापं सिनेमासारखी आहेत: पातं रुंद, जाड, मुठीवर शिंगं आणि नक्षी. पोलादात केली तर ती लढायची वस्तू राहत नाही, व्यायामशाळेची होते. एकदा फिरवली की ती तुम्हाला सोबत घेऊन फिरते. अर्नोल्डला जमलं, कारण तो अर्नोल्ड होता आणि दिग्दर्शक ‘कट’ म्हणत होता. माझा निकाल: भिंतीवर पैकीच्या पैकी, मैदानात नापास.

आरागॉर्नची अँड्युरिल बाजारात मिळते ती साधारण १३४ सेंटिमीटर लांब. दिसायला देखणी, आणि आकार अगदी शहाणा. सरळ पातं, टोकाकडे निमुळतं, मधोमध लांब पन्हळ. या पन्हळीला बरेच लोक रक्त वाहून जायची नाळ म्हणतात. तसं काही नाही. पन्हळ कोरली की धातू कमी होतो, वजन उतरतं आणि पात्याचा ताठपणा बराचसा टिकतो. छपरावरच्या पत्र्याला नागमोडी का करतात, तोच विचार. म्हणजे आरागॉर्नची तलवार कागदावर पास आहे. व्हिगो मॉर्टेनसेन शूटिंगमध्येही ॲल्युमिनियमची टाळून पोलादीच वापरायचा, हे प्रसिद्ध आहे. त्याला शिकवणारे बॉब अँडरसन १९५२च्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून तलवारबाजी खेळलेले, आणि ‘स्टार वॉर्स’मध्ये डार्थ व्हेडरच्या काळ्या पोशाखात लाइटसेबरची झुंज खेळणारेही तेच.

पण माझी अँड्युरिल ही त्या तलवारीचं चित्र आहे. स्टेनलेस स्टीलची, शोभेची, बोथट. तिची मूठ आम्ही एकदा उघडली. उघडणारा माझा शाळेतला मित्र. उद्यमनगरात त्याच्या वडिलांचं वर्कशॉप आहे. पातं मुठीजवळ एकदम संपलेलं आणि पुढे आटे पाडलेला एक बारीक रॉड वेल्ड करून जोडलेला, टोकाला नट. मित्रानं तो रॉड बघितला, मग माझ्याकडे बघितलं. “ही जोरात झटकलीस तर मूठ तुझ्या हातात राहील आणि पातं शेजाऱ्याच्या गॅलरीत.” त्या दिवसापासून ती तलवार घरात कुणीही फिरवत नाही. मीसुद्धा नाही.

या मित्राचा आणि माझा सगळ्यात मोठा वाद तलवार बनवायच्या सीनवरून. कोननच्या सुरुवातीला आठवतंय? लालभडक रस साच्यात ओततात, वरून संगीत, अंगावर काटा. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये आयसेनगार्डच्या खाणीत राक्षस तेच करतात. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये स्टार्क घराण्याची तलवार वितळवून तिच्यातून दोन ओततात. मी हे सगळं भक्तिभावानं दाखवलं. मित्राचं आयुष्य ओतकामात गेलेलं. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून गाड्यांचे, पंपांचे, इंजिनांचे भाग देशभर जातात. तो शांतपणे म्हणाला, “अशी उघड्या साच्यात ओतलेली तलवार फरशीवर पडली तर तुकडे गोळा करायला सुपली लागंल.”

त्यानं समजावलं ते असं. नुसतं ओतून गार झालेल्या धातूचे कण जाडेभरडे राहतात, आत हवेचे बुडबुडे राहू शकतात. जाड, दणकट भागाला ते चालवून घेता येतं. लांब, पातळ आणि वाकून परत सरळ व्हायला हवं अशा वस्तूला नाही. तलवार तापवून, ठोकून लांब करतात. मग तिला पाणी देतात, म्हणजे लाल असताना तेलात किंवा पाण्यात बुडवतात. त्यानं ती कडक होते, इतकी की काचेसारखी फुटेल. म्हणून पुन्हा बेतानं तापवून तिचा कडकपणा थोडा उतरवतात. आपल्याकडचं प्रसिद्ध वुट्झ पोलादही मुशीत वितळवून तयार व्हायचं, पण त्या गोळ्याचं पातं व्हायचं ते ठोकूनच. ‘पाणीदार’ हा शब्द आपण माणसांना लावतो तेव्हा मला ही भट्टी आठवते. कडक होणं ही अर्धीच गोष्ट. थोडं मऊ व्हायला जमलं तर पातं टिकतं.

गंमत म्हणजे सातांमधली मित्राला आवडली ती उरुक-हायची. सपाट पट्टी, टोकाला मागे वळलेला आकडा, नक्षी शून्य. ती त्यानंच मला पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून कापून दिली, एका दुपारी. “बघ, ह्यात कुणी कलाकारी केली न्हाई. हजार नग पाहिजेत, उद्या पाहिजेत, एवढंच बघितलंय.” खरंच, सिनेमात त्या सैन्याला घाईनं शस्त्रं पुरवायची असतात आणि तलवार तशीच दिसते. भोसकायला टोक नाही ही तिची उणीव, पण ढाल ओढायला आकडा आहे. माझा निकाल: काठावर पास.

फ्रोडोची ‘स्टिंग’ सगळ्यांना खेळणं वाटते. मी तिला वरचा नंबर देतो. हॉबिटच्या उंचीला शोभणारी, पानाच्या आकाराची, आखूड. वापरणाऱ्याच्या हाताला इतकी साजेशी या सातांमधली ही एकटीच. शिवाय शत्रू जवळ आला की निळी चमकते. असला अलार्म माझ्या मोटरसायकललाही नाही.

‘क्राउचिंग टायगर’मधली ग्रीन डेस्टिनी ही चिनी पद्धतीची सरळ, दुधारी, हलकी तलवार. सिनेमात माणसं बांबूच्या शेंड्यांवर उभी राहून लढतात ते सोडून द्या. तलवारीचा आकार खऱ्या परंपरेतला आहे. पास.

आणि बाहुबली. २०१५ साली थिएटरात शिट्ट्या मारणाऱ्यांत मी होतो, त्यामुळे इथे माझा निकाल तितका निष्पक्ष नाही. त्यात एक सीन आहे. परदेशी शस्त्रविक्रेता अस्लम खान आपल्या तलवारीचं कौतुक करतो आणि कटप्पा स्वतःच्या तलवारीनं तिचे दोन तुकडे करतो. आमच्या पेठेत त्यानंतर महिनाभर पोरं काठ्या एकमेकांवर आपटत होती. चांगल्या पोलादाची तलवार अशी चिरली जात नाही. धारेवर धार आदळली की दोन्हींना दाते पडतात, दोघांचंही नुकसान. म्हणून वार अडवायला ढाल, पात्याची सपाट बाजू किंवा सरळ बाजूला होणं. त्या सिनेमाचे कलादिग्दर्शक साबू सिरिल यांनी शस्त्रांसाठी कार्बन फायबरसारखं हलकं साहित्य वापरल्याचं सांगितलं आहे. ते बरोबरच केलं. नटांनी महिनोन् महिने ती उचलायची होती. पडद्यावर अजस्र दिसणारी वस्तू खरोखर उचलायची वेळ आली की सिनेमावाल्यांनाही हलकीच लागते.

एवढं सगळं मोजून झाल्यावर मी वहीत गुण मांडले आणि मर्दानी खेळाच्या एका वस्तादांकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे, आवाज बारीक. मी तलवारी नेल्या नव्हत्या, फोटो आणि मापं नेली होती. त्यांनी फोटो पाहिले, कौतुकानं पाहिले. मग विचारलं, “हे सगळं मारायचं झालं. परत येती का ती?”

मला प्रश्न कळला नाही. ते उठले. एका पोराला लाठी दिली आणि एक वार करायला लावला. पोरानं दणक्यात केला. “आता दुसरा.” पोराला लाठी आवरून, पाय सावरून पुन्हा उचलायला क्षणभर लागला. “त्या क्षणात हा मेला,” वस्ताद म्हणाले. “वार कुणीबी करतो. थांबवायचा कसा आणि पुन्हा हातात आणायचा कसा, ते शिकायला वर्षं जातात. हत्यार चांगलं म्हणजे, जाताना जोर देतं आणि येताना तरास देत न्हाई.”

तोल म्हणजे हे. वजन काट्यावर एकच असतं, पण ते पात्यावर कुठे बसलंय त्यावर हाताला किती वाटणार ते ठरतं. तलवार एका बोटावर आडवी तोलून पाहा. ती मुठीपासून चार-सहा बोटांवर तोलली तर हातात जिवंत वाटते. पार पुढे तोलली तर कुऱ्हाड. कोननची तलवार नापास होते ती खरी इथे.

मग त्यांनी एक जुनी मूठ दाखवली, पात्याशिवायची. माझी चार बोटं त्यात कशीबशी गेली. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात काचेमागच्या तलवारी बघताना आपल्याकडे हमखास कुणीतरी म्हणतं, पूर्वीची माणसं लहान होती वाटतं. वस्ताद हसले. मूठ घट्टच हवी. बोटांवरून वळलेली परज आणि टोकाची चपटी वाटी यांच्यामध्ये पंजा जखडला जातो. मनगट मोकळं फिरत नाही, म्हणून वार कोपर-खांद्यातून येतो आणि पातं चिरत जातं. शिवाय ते पातं मुठीत वेल्ड केलेलं नसतं, आरपारही जात नाही. शेपटी आखूड असते आणि ती लाख-राळेच्या मिश्रणानं आत बसवलेली. इंटरनेटवर मी ‘पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलंच पाहिजे’ हा नियम पाठ केला होता. इथे तो नियम मोडून शेकडो वर्षं लढाया झाल्या होत्या. पातं खराब झालं की मूठ तापवायची, लाख सैल करायची आणि नवं पातं बसवायचं. सोय बघा.

हीच सोय वापरून मराठ्यांनी युरोपची पातीही आपल्या मुठींत बसवली. त्यांना ‘फिरंग’ म्हणायचे. २०२५ साली महाराष्ट्र शासनानं लंडनच्या लिलावात रघूजी भोसल्यांची तलवार विकत घेतली, तिचं पातंही युरोपीय बनावटीचं आहे. आपल्या पूर्वजांना तलवार कुठली यापेक्षा ती चालते कशी याची जास्त काळजी होती, असा मी त्याचा अर्थ घेतो.

शेवटी वस्तादांनी दांडपट्टा काढला. २०२४मध्ये महाराष्ट्रानं त्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलंय. तुम्ही कधी नीट पाहिलाय? कोपरापर्यंत लोखंडी खोबण, आत आडवी मूठ, पुढे तीन-साडेतीन फुटांचं लवलवतं सरळ पातं. हॉलीवुडच्या कुणा डिझायनरनं हे चित्र काढलं असतं तर मी त्याला तिथेच नापास केलं असतं. मनगट वळत नाही, पातं लवतं, जवळ आलेल्या माणसाला मारायचं कसं? आणि तरी तो पट्टा त्यांच्या हातात वर्तुळं घ्यायला लागला तेव्हा आम्ही सगळे आपोआप दहा पावलं मागे सरलो. मनगट वळत नाही म्हणूनच सगळं अंग वळतं, आणि वर्तुळ तुटत नाही म्हणून जवळ कुणी येऊच शकत नाही.

नंतर एका पोरीनं तळहातावर लिंबू धरलं आणि दुसरीनं पट्ट्यानं ते कापलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. वस्ताद म्हणाले, “लिंबू कापल्याचं काय कौतुक? हात कापला न्हाई, ह्याचं कौतुक.”

या वाक्यानं माझ्या वहीतले गुण निरुपयोगी केले. मी इतकी वर्षं तलवार काय कापू शकेल ते मोजत होतो. ती कुठे थांबू शकेल, हा रकानाच माझ्या वहीत नव्हता.

आणि तो रकाना आमच्या गल्लीला फार लागतो. माझा भाचा गेल्या वर्षी अठराचा होणार होता. महिनाभर आधी आला. “मामा, वाढदिवसाला ती कोननची दे की. चौकात केक कापायचाय, ड्रोननं शूट करणार हाय.” बॅनरचं डिझाइन तयार होतं: मागे वाघ, पुढे हा, हातात तलवार, खाली पंचवीस मित्रांचे गोल फोटो. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, “फायबरची तर हाय. खोटीच की.”

त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. म्हणून मी वकिलाला विचारलं. १९५९च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे आणि त्यातून काही वस्तू वगळल्या आहेत. घरगुती किंवा शेतीच्या कामाची अवजारं, साधी काठी, आणि खेळणं म्हणण्यापलीकडे जिचा उपयोग होऊ शकत नाही व जिचं कामाच्या शस्त्रात रूपांतरही करता येत नाही अशी वस्तू. मी ते वाचून चकित झालो. मी भिंतीसमोर उभा राहून विचारतो तोच प्रश्न कायदाही विचारतो: ही चालेल का? फायबरची कोनन यात कदाचित सुटेल. पण बोथट पोलादाला कानस लावली की धार येते, म्हणून माझी अँड्युरिल त्यात सहज सुटणार नाही. तिचं बिल फाइलमध्ये आहे, ती बोथट आहे, आणि ती उंबऱ्याबाहेर जात नाही.

आणि रील बघणाऱ्याला फायबर आणि पोलाद यातला फरक दिसत नाही. पडद्यावर चकाकतं ते खरंच दिसावं, यासाठीच तर ती बनवलेली. वाढदिवसाचा केक तलवारीनं कापला म्हणून गुन्हा दाखल, ही बातमी तुम्ही कुठल्याही जिल्ह्याच्या पुरवणीत वाचली असेल. आमच्या शेजारच्या गल्लीत असा एक मुलगा आहे. पहाटे रंकाळ्याला धावायचा, पोलीस भरतीची तयारी करायचा. वीस सेकंदांचा व्हिडिओ. तलवार त्याची नव्हती, कुणीतरी हातात दिली. गुन्ह्यात नाव आलं, प्रकरण अजून चालू आहे आणि भरतीत चारित्र्य पडताळणी असते. तो आता पहाटे धावत नाही.

भाच्याला मी हे सांगितलं. त्याला ते भाषण वाटलं. “आपल्या इतिहासाचा अभिमान नको का?” असं त्यानं विचारलं. कोननवरून इतिहासावर तो एका वाक्यात आला. पण मला त्यात नवल वाटलं नाही, कारण त्याच्या फोनवर ही दोन्ही एकाच जागी येतात. तिथे वीस-पंचवीस किलोच्या तलवारी फिरत असतात, या राजाची, त्या सरदाराची. जेवढं वजन जास्त तेवढा पराक्रम मोठा. मला हे वाचून वाईट वाटतं. कारण किलोभराची, हाताला बेतलेली, दमलेल्या खांद्यानं संध्याकाळपर्यंत वागवलेली तलवार ज्यांनी चालवली ती आपल्यासारखीच हाडामांसाची माणसं होती. त्यांच्या हातात पंचवीस किलो देऊन आपण त्यांना मोठं करत नाही, कोनन करतो. त्यांची मेहनत, शिक्षण, अंगावर घेतलेली भीती, सगळं एका वजनकाट्यात संपवून टाकतो.

भाचा आठवडाभर बोलला नाही. वाढदिवसाला केक प्लॅस्टिकच्या सुरीनं कापला आणि बॅनर लागलाच, त्यावरची तलवार फोटोशॉपमधली. तिचं वजन शून्य ग्रॅम. मला ती चालली.

पुढे मी त्याला वस्तादांकडे पाठवलं असं सांगितलं तर गोष्ट फार गोड होईल. तो स्वतःच गेला, मित्राच्या नादानं, आणि बहुधा रीलच्याच आशेनं. तिसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले तेव्हा आईला म्हणाला, बास. चौथ्या दिवशी पुन्हा गेला. आता सहा महिने झाले. अजून त्याच्या हातात लाठीच आहे. तलवार कधी मिळणार असं तो विचारतो, आणि वस्ताद त्याला मधल्या वारात थांबायला सांगतात. तो बहुतेक वेळा दोन बोटं पुढे जाऊन थांबतो. परवा एकदा बरोबर थांबला, म्हणे. तेव्हा शूट करायला कुणीच नव्हतं.